धागा: गणिताचे प्राध्यापक टेट आणि त्यांचा गोल्फ – ४ जुलैच्या स्मृतिदिनाची तयारी

वर्धाकाठ

येत्या ४ जुलैला प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांना जाऊन १२५ वर्षं होतात. त्या दिवशी शनिवार आहे, म्हणजे सकाळची शाळा. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडत असल्यानं तयारीला जेमतेम आठवडा मिळेल, म्हणून धागा आत्ताच काढतोय. गावातल्या शाळेत, प्रयोगशाळा असो वा नसो, आठवी ते बारावीच्या मुलांसमोर या माणसाचं आयुष्य कसं मांडावं यावर इथं चर्चा करू. फोटोला हार आणि दोन भाषणं एवढ्यावर भागवू नये, असं मनापासून वाटतं. टेट प्रयोग करणारा माणूस होता, तेव्हा त्यांचे प्रयोगच मुलांच्या हाती द्यावेत.

आधी ठळक गोष्टी. जन्म २८ एप्रिल १८३१, स्कॉटलंडमधलं डॅल्कीथ. शाळा एडिंबरा अकॅडमी, तिथंच पुढचे थोर भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल त्यांचे शाळासोबती. १८५२ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनिअर रँग्लर, तेही वयाची एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधीच. १८५४ ते १८६० बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १८६० मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या जागेसाठी मॅक्सवेल यांनीही अर्ज केला होता, निवड टेट यांची झाली. त्या पदावर ते जवळजवळ अखेरपर्यंत राहिले. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याबरोबर १८६७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथावर भौतिकशास्त्राच्या कित्येक पिढ्या शिकल्या. क्वाटर्नियनचे, म्हणजे चार घटकांच्या संख्यांचे, ते खंदे पुरस्कर्ते, गाठींच्या गणिताचे आद्य अभ्यासक, आणि या सगळ्याच्या जोडीला गोल्फचं वेड. सुट्टी लागली की सेंट अँड्र्यूज, स्कॉटलंडमधलं गोल्फचं गाव.

हे वेड त्यांनी गणितापासून वेगळं ठेवलं नाही. मारलेला चेंडू इतका वेळ हवेत राहतो कसा, हा प्रश्न त्यांनी दहा वर्षं सोडला नाही. मुलांपर्यंत नेमकी हीच गोष्ट पोचवायची आहे.

पळसबहार

सर, विषय उत्तम. एक दुरुस्ती मात्र सुचवते, फलक रंगवायला देण्याआधीच केलेली बरी. बेलफास्टला ते गणिताचे प्राध्यापक होते, एडिंबऱ्याला मात्र पद 'नॅचरल फिलॉसफी'चं होतं, आजच्या भाषेत भौतिकशास्त्राचं. फलकावर 'गणितज्ञ आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक' असं लिहावं.

आता गोल्फकडे येऊ. टेट यांचा मूळ युक्तिवाद दहावीच्या पुढची मुलं स्वतः मांडू शकतात. चेंडू सेकंदाला ७० मीटर वेगानं, जमिनीशी १० अंश कोनात सुटला असं धरा. हवा नाहीच असं मानलं तर हवेतला वेळ = २ × ७० × साइन १० ÷ ९.८१, म्हणजे साधारण २.५ सेकंद. पल्ला = ७० × ७० × साइन २० ÷ ९.८१, म्हणजे सुमारे १७१ मीटर. घड्याळ लावून पाहिलं तर चांगल्या खेळाडूचा चेंडू सहा सेकंदांच्या आसपास हवेत असतो. अडीच कुठं, सहा कुठं!

त्यातही हवा रोध करते, तेव्हा खऱ्या हवेत पल्ला आणखी कमीच भरायला हवा. म्हणजे चेंडूला वर धरून ठेवणारं दुसरं काहीतरी आहे. टेट यांनी हा तर्क धरून ठेवला आणि त्यांना सापडलं की ते काहीतरी म्हणजे चेंडूची उलटी फिरकी. चेंडूचा वरचा भाग खेळाडूकडे मागे फिरत असतो.

वावरवाला

ताई, एक इचारतो. चेंडू १० अंशात काहून धरला? ४५ अंशात मारला तं पल्ला सगळ्यात जास्त येते ना, पोट्टे हेच इचारतीन पहिले.

पळसबहार

भाऊ, विचारणारच, आणि उत्तर तयार हवं. हवा नसती तर ७० च्या वेगाला ४५ अंशात ४९९ मीटर पल्ला आला असता. पण लांब मारायच्या क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, चेहरा जवळजवळ उभा असतो, चेंडू त्यावरून सपाटच सुटतो. पाहणाऱ्यालाही तो सुरुवातीला जमिनीलगत जाताना दिसतो. उलट बाजूनं हिशेब करून घ्या: नुसत्या गुरुत्वाकर्षणात सहा सेकंद हवेत राहायचं तर चेंडूला ९.८१ × ३६ ÷ ८ = ४४ मीटर उंच जावं लागेल. चौदा मजली इमारत. तसा तो जात नाही, हे डोळ्यांनीच कळतं.

फिरकीचं बळ सुरुवातीला चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त होऊ शकतं. तेव्हा मार्ग आधी वरच्या बाजूला वळतो, मग सरळ होतो आणि शेवटी खाली येतो. पुस्तकातल्या पॅराबोलाशी त्याचं जुळत नाही. टेट यांच्या समीकरणात दोन पदं होती: वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मागे ओढणारा रोध, आणि वेग गुणिले फिरकी या प्रमाणात मार्गाला काटकोनात ढकलणारं बळ. ही मांडणी त्यांनी १८९३ आणि १८९६ मध्ये एडिंबऱ्याच्या रॉयल सोसायटीच्या दोन निबंधांत केली. हातानं आकडेमोड करून, पायरी पायरीनं. बारावीच्या मुलांना तक्त्यावर ०.१ सेकंदाच्या पायऱ्यांनी हेच करता येतं, फक्त पहिल्या २० पायऱ्या वर्गात कराव्यात आणि बाकीच्या घरी द्याव्यात.

मेळघाटी

फ्रेडीची गोष्ट सांगताना सांभाळा. फ्रेडरिक गथ्री टेट हा त्यांचा मुलगा, ब्लॅक वॉच पलटणीत लेफ्टनंट, १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश अमॅच्युअर विजेता. सगळीकडे अशी गोष्ट सांगतात की बापानं गणितानं चेंडूचा कमाल पल्ला ठरवला आणि दुसऱ्याच दिवशी पोरानं तो मोडून बापाचं गणित खोटं पाडलं. ही दंतकथा आहे. मुलांना ती फार आवडते, आणि जाताना 'गणितापेक्षा अनुभव मोठा' असा चुकीचा धडा घेऊन जातात.

नोंदलेली गोष्ट अशी. ११ जानेवारी १८९३, फ्रेडीचा तेविसावा वाढदिवस. सेंट अँड्र्यूजच्या मैदानाच्या १३ व्या टप्प्यावर (होलवर) त्याचा चेंडू हवेतून २५० यार्ड गेला आणि गोठलेल्या जमिनीवर घरंगळत एकूण ३४१ यार्डांवर थांबला. मीटरमध्ये २२९ आणि ३१२. म्हणजे शेवटचे ९१ यार्ड जमिनीनं दिले, चेंडूनं नव्हे. कॅरी (हवेतलं अंतर) आणि घरंगळ वेगळी मोजायची सवय मुलांना इथंच लावावी. २२९ मीटर किती हे मुलांना कळायला: चौकोनी एकराची बाजू साधारण ६४ मीटर, म्हणजे एकेक एकराची साडेतीन वावरं ओळीनं ओलांडून चेंडू टेकला. त्याच वर्षी फिरकीवरचा पहिला मोठा निबंध आला. बापाच्या गणितात असला पल्ला बसत होता, कारण फिरकी त्यात धरलेली होती.

वर्धाकाठ

मेळघाटी, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. दंतकथा कार्यक्रमातून काढली.

आता प्रयोग. उलट्या फिरकीनं वस्तू वर उचलली जाते हे दाखवायला कपाचा प्रयोग सगळ्यांत सोपा आहे.

कागदी कप दोन, १५० मिलीचे. थर्माकोलच्या कपांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणणार कुठून, आणि कागदी कपानं काम होतंच. दोन्ही कप बुडाला बूड लावून मधोमध चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. तिसरा वेढा नको, वजन वाढतं. भाजीच्या जुडीला असतात तसले रबर चार, एकात एक ओवून माळ करा. माळेचं एक टोक कपांच्या मधल्या खाचेवर डाव्या अंगठ्यानं दाबायचं, माळ ताणून अडीच ते तीन वेढे घ्यायचे आणि उरलेलं टोक उजव्या अंगठ्यात अडकवून पुढं ताणायचं. कप सोडला की माळ त्याला पुढं ओढता ओढता फिरवते.

माळ कपाच्या खालून पुढं आली पाहिजे. खालचा भाग पुढं ओढला गेला की वरचा मागं फिरतो, ती उलटी फिरकी. नीट जमलं तर कप आधी वर झेपावतो, कधी कधी पूर्ण गिरकीही घेतो, आणि मग तरंगत खाली येतो.

वावरवाला

अन् माळ वरून आली का कप नाकावर आपटते. थे बी मुद्दाम दाखवा भाऊ, दोन्ही एकापाठी एक दाखवले का पोट्ट्याईच्या ध्यानात लवकर येते.

बिघाड कुठं होते थे लिहून ठेवतो. एक, दोन्ही कप एका रेषेत नसले तं कप डोलते अन् एका बाजूला पळते. चिकटपट्टी लावाच्या आधी टेबलावर आडवे ठेवून लोटून पाहा, सरळ गेले तं बरोबर. दोन, रबर जुने असले का तुटते, उन्हायात ठेवलेले तं हमखास. नवं पाकीट घ्या. तीन, च्याचे बारके कप घेऊ नका, थे ६०-७० मिलीवाले. त्याइले हवा पुरत नाही, उचल दिसत नाही. चार, वारा. जुलैत वारं पश्चिमेकडचं राह्यते, मैदानात कप कोणीकडे बी जाते. हॉलमधे करा, पंखे बंद करून. अन् माळ अंगठ्यातून सुटली तं डोयाले लागू शकते, म्हणून समोर कोणी उभं राहू नये, सगळे मांगं.

इटियाडोह

कारण सांगताना एक गल्लत नेहमी होते: 'वर हवेचा वेग जास्त म्हणून दाब कमी' एवढ्यावर थांबतात आणि मुलं विचारतात, वेग जास्त का? त्याऐवजी असं सांगा. फिरणारा पृष्ठभाग हवेचा पातळ थर सोबत ओढतो. वरच्या बाजूला थर आणि समोरून येणारी हवा एकाच दिशेनं, म्हणून हवा पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते. खाली दोघांची टक्कर, हवा लवकर सुटते. परिणामी चेंडूमागची हवा खाली वळते. चेंडूनं हवा खाली ढकलली, हवेनं चेंडू वर. न्यूटनचा तिसरा नियम, नववीत झालेला.

याचं नाव माग्नुस परिणाम, १८५० च्या दशकातले जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव माग्नुस यांच्यावरून. पण टेनिसच्या चेंडूचा मार्ग फिरकीनं वळतो हे न्यूटननं १६७२ मध्येच लिहिलं होतं, आणि बंदुकीच्या गोळ्यांबाबत बेंजामिन रॉबिन्सनं १७४२ च्या सुमारास. टेट यांनी गोल्फच्या चेंडूवर हे आकड्यानिशी लावलं, हे त्यांचं श्रेय.

गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांचं वेगळं. गुळगुळीत चेंडू खळगेवाल्याच्या जवळपास निम्माच जातो. गट्टापर्चाचे, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचे, चेंडू १८४८ च्या सुमारास आले, नवे कोरे असताना ते मधेच गचकायचे आणि मार खाऊन खरवडलेले नीट उडायचे. मग लोक हातोडीनं मुद्दाम खुणा पाडू लागले. हल्लीच्या चेंडूवर साधारण ३०० ते ५०० खळगे असतात, खोली मिलिमीटरच्या पाव भागाइतकी. चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास कमीत कमी ४२.६७ मिमी. खळग्यांमुळं थरात खळबळ होते, हवा मागेपर्यंत चिकटते, मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि रोध घटतो.

पळसबहार

फिरकी मोजायची टेट यांची पद्धत मला सगळ्यांत सुंदर वाटते. ना कॅमेरा, ना कसलं यंत्र. लांब, पीळ नसलेली फीत चेंडूला बांधायची, दुसरं टोक जमिनीत पक्कं करायचं, चांगल्या खेळाडूनं चेंडू दीड-दोन मीटरवरच्या घट्ट चिकणमातीत मारायचा. मग फितीला किती पीळ पडले ते मोजायचे. त्यांनी दिलेला अंदाज सेकंदाला ४० ते १२० फेरे.

गणित तोंडी होतं. अंतर दीड मीटर, वेग ६०, म्हणजे वेळ १/४० सेकंद. एक पीळ पडला तर ४० फेरे, तीन पडले तर १२०.

वर्गात क्लब आणि कडक चेंडू अजिबात नको. ४६ ग्रॅमचा चेंडू ७० च्या वेगानं म्हणजे सुमारे ११३ ज्यूल ऊर्जा. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा लेदर बॉल ताशी १३५ किलोमीटरनं यावा तेवढी. त्याऐवजी टेनिस बॉल हातानं फिरवून टाका, अंतर ३ मीटर. वेग १० धरला तर वेळ ०.३ सेकंद, तीन पीळ म्हणजे सेकंदाला १० फेरे.

चूक होते ती फीत बांधण्यात. फीत चेंडूच्या कडेला, ज्या अक्षाभोवती तो फिरतो त्या अक्षाच्या टोकाशी हवी, आणि चेंडूच्या वाटेला काटकोनात बाजूला गेलेली. मागे बांधली की ती चेंडूभोवती गुंडाळली जाते, पीळ पडतच नाही. एक सेंटिमीटर रुंदीची कापडी फीत घ्या, एका बाजूला शाईची रेघ मारा, पीळ मोजायला सोपं. नायलॉनची गोल दोरी चालणार नाही, तिचे पीळ दिसत नाहीत. फीत ताणलेली नको, ढिली अर्धा मीटर जास्त असू द्या, नाहीतर चेंडू मधेच अडतो.

वर्धाकाठ

वेग मोजायला टेट यांनी बॅलिस्टिक लंबक वापरला होता, म्हणजे टांगलेलं वजन, चेंडू रुतल्यावर ते किती सरकतं त्यावरून वेग कळतो. तो बनवणं आपल्याकडे सोपं आहे, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात.

डबा आडवा करून एक मोठी बाजू कापून टाका, कडा आत वळवून ठोका म्हणजे हात कापणार नाही. आत माती भरा, डब्यासकट वजन ४.६ किलो होईल इतकी. किराण्याच्या काट्यावर तोलून घ्या. चार दोऱ्या, प्रत्येकी बरोबर २ मीटर, चारही कोपऱ्यांना, वर दोन समांतर बांबूंना. चार दोऱ्यांमुळं डबा झुकत नाही, नुसता मागे सरकतो. एका दोरीवर टांगला तर तो गिरक्या घेतो आणि वाचन वाया जातं. डब्यामागे स्टुलावर रिकामी काडेपेटी त्याला टेकवून ठेवा, मार बसल्यावर डबा तिला ढकलेल, ती जिथं थांबली ते अंतर मोजा.

चेंडू ४६ ग्रॅम असेल तर वेग = १०१ × सरकलेलं अंतर (मीटर) × २.२१. यातला १०१ म्हणजे डबा आणि चेंडू मिळून वजन भागिले चेंडूचं वजन, आणि २.२१ म्हणजे ९.८१ भागिले २ (दोरीची लांबी) चं वर्गमूळ. डबा ६.७ सेंटिमीटर सरकला तर वेग सेकंदाला १५ मीटर. हातानं फेकलेल्या चेंडूला हे रास्त आहे.

वावरवाला

माती कोणती घ्याची थे लिवलं नाही भाऊ. वावरातली काळी माती नको. ओली असली का लोण्यावानी हाताले चिकटते अन् वाळली का भेगा पडून डब्यापासून सुटते. कुंभाराकडची मळलेली घ्या, पोळ्याचे मातीचे बैल करतात तेवढी नरम. बोट दाबलं तं दोन पेरं आत गेलं पाह्यजे.

पळसबहार

अगदी. आणि नरम हवी याचं कारण गणितात आहे. सूत्र असं धरतं की चेंडू रुतून बसला. तो उसळून मागे आला तर डब्याला जास्त संवेग मिळतो. अर्ध्या वेगानं उसळला तर उत्तर दीडपट येतं. टेनिस बॉल हमखास उसळतो, म्हणून इथं त्याच मातीचा ४६ ग्रॅमचा गोळा वळून फेका. प्रत्येक फेकीनंतर तो काढून घ्या, नाहीतर डब्याचं वजन वाढत जातं. दहा फेकी घ्या, सर्वांत मोठं आणि लहान वाचन सोडून बाकी आठांची सरासरी.

इटियाडोह

तापमानाचा एक हिशेब अकरावीला द्यावा. त्या जानेवारीत जमीन गोठली होती, हवा शून्य अंशाच्या आसपास धरा, म्हणजे २७३ केल्विन. आपला मे महिना ४५ अंश, ३१८ केल्विन. दाब सारखा मानला तर आपल्या हवेची घनता त्या हवेच्या ०.८६ पट. रोध १४ टक्के कमी, पण फिरकीची उचलही तितकीच कमी. दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, त्यामुळं 'उन्हाळ्यात चेंडू लांब जातो' हे वाक्य इतक्या सरळपणे म्हणता येत नाही. पायऱ्यांच्या तक्त्यात दोन्ही गुणक बदलून पाहायला लावा.

मेळघाटी

गोल्फ झाला, आता गाठी. टेट यांनी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा भोवऱ्यांवरचा निबंध इंग्रजीत आणला, मग धुराच्या कड्यांचा प्रयोग केला. १८६७ मध्ये थॉमसननी तो पाहिला आणि अणू म्हणजे ईथरमधले (सगळीकडे भरलेलं आहे असं तेव्हा मानलेलं माध्यम) गाठ पडलेले भोवरे असावेत, अशी कल्पना मांडली. कल्पना चुकीची निघाली. पण त्यासाठी टेट गाठींची यादी करायला बसले आणि त्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली.

मुलांना दीड मीटर सुतळी द्या, जाड. गाठ मारून दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडा, कारण गणितातली गाठ बंद असते, टोकं मोकळी राहिली तर कुठलीही सुटते. सुतळी स्वतःवरून जाते ती जागा म्हणजे छेद. तीन छेदांची गाठ एकच, चार छेदांचीही एकच, पाचाच्या दोन, सहाच्या तीन, सातांच्या सात. टेट यांनी १८७७ पर्यंत सात छेदांपर्यंतची यादी केली. मुलं दोन ठिकाणी चुकतात: आरशातली उलटी गाठ वेगळी मोजतात (यादीत ती एकच धरतात), आणि नुसत्या पिळानं पडलेला छेद, जो सुतळी उलगडली की जातो, तोही मोजतात. आधी सुतळी सैल करून फालतू छेद काढायला सांगा. टेट यांनी या गाठींबद्दल मांडलेले अंदाज सिद्ध व्हायला १९८७ आणि १९९१ उजाडलं.

धुराची कडी दाखवायची तर पुठ्ठ्याचं ३० सेंटिमीटरचं खोकं, समोर ८ सेंटिमीटरचं गोल छिद्र, मागची बाजू काढून तिथं ताणून बांधलेलं प्लास्टिक. कोपरे चिकटपट्टीनं बंद. उदबत्तीचा धूर भरा, मागून टिचकी मारा. टेट यांनी अमोनिया आणि आम्लाच्या वाफा वापरल्या होत्या, त्या शाळेत नकोत. उदबत्ती बाहेरून छिद्राशी धरावी, आत ठेवली तर पुठ्ठा पेटतो. आणि जोरात थापड मारू नका, कडी फाटते. हलकी टिचकीच लांब जाते.

वर्धाकाठ

नकाशाचे चार रंगही घेऊ या का? म्हणजे, शेजारच्या प्रदेशांना एकच रंग न येता कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, हे प्रमेय. १८८० मध्ये टेट यांनी दाखवलं की प्रदेश चार रंगांत रंगवणं आणि सीमारेषा तीन रंगांत रंगवणं हा एकच प्रश्न आहे, जिथं प्रत्येक नाक्यावर तीन सीमा मिळतात तिथं. त्यातून सिद्धता झाली असं त्यांना वाटलं, पण त्यांनी गृहीत धरलेली एक गोष्ट १९४६ मध्ये गणितज्ञ विल्यम टट यांनी ४६ बिंदूंच्या आकृतीनं खोटी ठरवली. प्रमेय सिद्ध झालं १९७६ मध्ये, अ‍ॅपल आणि हाकेन यांच्याकडून, संगणकाच्या मदतीनं.

मेळघाटी

घ्याच, आणि त्यासाठी परदेशाचा नकाशा नको. आपल्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा कोरा नकाशा द्या आणि म्हणा, तीन रंगांत करून दाखवा. होणारच नाही. अकोल्याला चोहोबाजूंनी अमरावती, वाशीम आणि बुलढाणा यांनीच वेढलंय, आणि ते तिघंही एकमेकांना लागून आहेत. अमरावती आणि बुलढाणा उत्तरेला सातपुड्यात एकमेकांना भिडतात, मुलांचं तिकडं लक्ष जात नाही आणि ती दोघांना एकच रंग देऊन 'झालं' म्हणतात. नकाशा विकत घेताना ती सीमा स्पष्ट छापलेली आहे का पाहून घ्या.

१ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा झाला. त्याआधीच्या अखंड अकोल्याच्या नकाशात विदर्भ तीन रंगांत बसायचा. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी द्या. एक रेघ ओढली आणि चौथा रंग लागला, हे मुलांनी स्वतः शोधलेलं बरं.

वावरवाला

वा रे! थे तं आमच्या भागातलंच निघालं. रंग खडूचेच घ्या, स्केचपेन पातळ कागदाच्या पार जाते.

पळसबहार

क्रम असा सुचवते. सुरुवातीची वीस मिनिटं चरित्र. मग कप, कारण तो पाहिल्यावर मुलं जागी होतात. मग अडीच आणि सहा सेकंदांचं गणित फळ्यावर. त्यानंतर मुलांचे चार गट: फीत, लंबक, सुतळी, नकाशा, प्रत्येकी वीस मिनिटं आणि फिरती. लंबकाला वेळ पुरत नाही, तो आदल्या दिवशीच टांगून ठेवा आणि मातीवर ओलं पोतं घाला.

चमकणाऱ्या चेंडूंची गोष्ट मुलांना आवडेल. टेट यांनी फॉस्फरस लावलेले चेंडू घेऊन रात्री सेंट अँड्र्यूजला खेळून पाहिलं. खेळ जमला, पण सोबतच्या प्राध्यापक क्रम ब्राउन यांच्या हातमोज्यानं पेट घेतला. सांगताना लगेच जोडा की फॉस्फरस हाताळण्याची वस्तू नाही.

वर्धाकाठ

शेवट कसा करावा, यावर विचार करत होतो. ७ फेब्रुवारी १९०० ला फ्रेडी दक्षिण आफ्रिकेत, कूडूसबर्गच्या लढाईत मारला गेला. तीस वर्षांचा होता. त्यानंतर टेट खचले ते खचलेच. पुढच्या वर्षी ४ जुलैला ते गेले. हे मुलांना सांगावं की नाही?

मेळघाटी

सांगावं, आणि साध्या शब्दांत. चेंडू, फीत, चिकणमाती या सगळ्यात तो पोरगा बापाच्या सोबत होता, हे ऐकल्यावर मुलांना ते दोन निबंध वेगळे दिसतील. पण हे सगळ्यांत शेवटी नको. चरित्राच्या वीस मिनिटांतच सांगा, थोडा वेळ थांबा, आणि मग कप काढा.

वर्धाकाठ

ठरलं. कपाच्या माळा आदल्या दिवशी ओवून ठेवतो, एका मुलामागे दोन धरून. तुटणाऱ्या धरून ४० मुलांना चारशे रबर लागतील, म्हणजे मोठं पाकीट एक. कुंभाराकडे २५ जूनपर्यंत सांगावा लागेल, पाऊस लागला की माती मळून मिळत नाही.

वावरवाला

माती मळून झाली का पिशवीत बांधून सावलीत ठेवा भाऊ, चार दिवस नरम राह्यते. अन् डबा टांगाले बांबू नवा घ्या, मागच्या सालचा पोखरलेला असते.